पेन्सिलीतली वेळ

मित्रांनो, मी जाड आहे, जुने आहे आणि भित्रे आहे. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला बघताक्षणी कळतील. तिसरी मी सांगितल्याशिवाय कळायची नाही, कारण घाबरल्यावर माणसाचा चेहरा पांढरा पडतो आणि पुस्तकाचा आधीपासूनच पांढरा असतो. मी आगगाड्यांचे वेळापत्रक आहे. एका देशातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या देशात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या माझ्यात आहेत. पाने नऊशे चार, आणि पानोपानी बारीक आकडे.

भीती मला जन्मतःच मिळाली. ज्या छापखान्यात मी तयार झाले तिथे छापण्याआधी चुका शोधणाऱ्या एक बाई होत्या. हातात लाल पेन्सिल, आणि दर दहा मिनिटांनी डोळ्यांवर पाणी मारायची सवय. त्या एकदा शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "गोष्टीच्या पुस्तकात चूक राहिली तर वाचणारा हसतो. यात राहिली तर कुणीतरी लेकराबाळांना घेऊन परक्या फलाटावर उभं राहतं." मी तेव्हा ओलेकच्चे होते, शाईही वाळली नव्हती. ते वाक्य माझ्या अंगात मुरले ते कायमचे. त्यानंतर मला कुणी उघडले की पहिला विचार मनात येतो तो एकच, कुठला आकडा बघतोय हा, आणि तो बरोबर आहे ना?

छापखान्यातून मी एका लहानशा बुकिंग ऑफिसात आले. एका बाजूला बूट दुरुस्तीचे दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री, आणि मधल्या खोलीत आम्ही. भिंतीवर नकाशा, टेबलावर फोन, तीन शिक्के, कार्बन कागदांचा गठ्ठा आणि मी. ऑफिसच्या मालकांना सगळे लोक काका म्हणत. मी त्यांना मालकच म्हणते, कारण त्यांच्या हाताखाली मी तेवीस वर्षे काढली.

मालकांची काम करायची रीत न्यारी होती. गिऱ्हाईक आले की ते मला लगेच उघडत नसत. आधी विचारत, "कधीपर्यंत पोहोचलंच पाहिजे?" मग प्रवास शेवटाकडून बांधायला घेत. आधी शेवटची गाडी ठरवायची, तिच्या आधीची मग, आणि असे एकेक पाऊल मागे येत आपल्या स्टेशनापर्यंत यायचे. कुणी घाई केली तर म्हणत, "पुढून निघालेला माणूस मधे कुठंतरी अडकतो. मागून निघालेला पोहोचतो." मग गिऱ्हाईक गोंधळून मान डोलवी आणि मालक मिशीत हसत.

गाड्यांच्या वेळा बदलल्या की छापखाना छापील चिठ्ठ्या पाठवी. मालक त्या डिंकाने माझ्या पानांवर चिकटवत. त्या चिठ्ठ्यांनीच मी इतके गुटगुटीत झाले. पण एके वर्षी छापखान्याने हा उद्योगच बंद केला. चिठ्ठ्या बंद आणि नवी आवृत्तीही बंद. मालकांनी तरी मला टाकले नाही. ते स्टेशनांना फोन लावून विचारत आणि वेळ बदललेली असली की छापील आकडा खोडून त्याच्या डावीकडे नवा आकडा पेन्सिलीने लिहीत.

उजवीकडेही ते पेन्सिलीने लिहीत, पण ते निराळे. दूरच्या देशांतली घड्याळे आपल्या घड्याळांच्या मागे असतात. गाडी तिथल्या सहाला सुटते तेव्हा आपल्याकडे आठ वाजलेले असतात. निरोप द्यायला आलेली माणसे नेहमी विचारत, "काका, शेवटच्या गाडीत बसले हे आम्हाला कसं कळणार?" म्हणून मालक शेवटच्या मोठ्या गाडीसमोर उजवीकडे आपल्या घरची वेळ लिहून ठेवत आणि त्यांना सांगत, "आपल्या घड्याळात आठ चाळीस झाले की समजा गाडी हलली. मग खुशाल जेवा."

तेव्हा लक्षात ठेवा, डावीकडे दुरुस्ती आणि उजवीकडे घरची वेळ. हे दोघांनाच ठाऊक होते, मालकांना आणि मला. लोक म्हणत, "काकांचं ते पुस्तक दुसऱ्या कुणाला वाचता यायचं नाही." ते ऐकून मालकांची छाती फुगे आणि, खोटे कशाला बोलू, माझीही. आपल्यावाचून कुणाचे अडते या गोष्टीचा भारी गर्व असतो. त्या गर्वात काय दडले आहे हे मला तेव्हा कळले नाही.

मग मालकांचे डोळे अधू झाले. ते मला नाकाशी धरून वाचू लागले. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, आधी एक डोळा, मग दुसरा, आणि दीड महिना वाचन बंद. ऑफिस बंद ठेवायचे नव्हते म्हणून मालकांची लेक येऊन बसू लागली. ती आधी टपाल कचेरीत पार्सले तोलायची. हुशार, नीटनेटकी, आणि पसारा दिसला की कपाळाला आठ्या घालणारी. पहिल्याच दिवशी तिने माझ्यावरची धूळ पुसली. मला बरे वाटले. मग तिने मला उघडले आणि विचारले, "बाबा, या पेन्सिलींचं काय ते एकदा समजावून द्या ना."

मालक दारात उभे होते, एका डोळ्यावर पट्टी. म्हणाले, "ते माझं मी बघतो गं. तू तूर्तास फोन घे, लोकांना बसव. अडलं तर घरी विचार."

एवढे बोलून ते गेले. लेकीने मला मिटले आणि फोन पुढे ओढला.

दोन आठवड्यांनी एक म्हातारे शिंपी ऑफिसात आले. गळ्यात मोजायची फीत तशीच राहिली होती. सोबत आठ वर्षांची नात, एका कानात कापूस. तिची आई तीन देश पलीकडे एका इस्पितळात नर्स होती. मुलीला आईकडे राहायचा परवाना दीड वर्षाने हाती आला होता, आणि त्यावर तारीख होती. त्या तारखेच्या आत मुलीने तिथे पाऊल ठेवले नाही तर परवाना रद्द, आणि पुन्हा अर्जापासून सुरुवात.

"विमानानं का नाही जात?" लेकीने विचारले.

"कानाचं ऑपरेशन झालंय हिच्या. डॉक्टर म्हणाले, विमानात बसवलीत तर कान जाईल." शिंपीआजोबांनी परवान्याचा कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही. "ताई, मी हिला आईच्या हातात देऊन परत येणार. एवढं एक काम राहिलंय माझं. चुकायला नको."

नात म्हणाली, "मावशी, आई मला ओळखेल ना? माझे पुढचे दात तेव्हा नव्हते." आणि तिने नवे दात दाखवले.

लेकीने वडिलांसारखाच शेवटाकडून प्रवास बांधायला घेतला. पान पाचशे सतरा. शेवटची गाडी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, एका मोठ्या जंक्शनवरून सुटे आणि शनिवारी पोहोचवी. परवान्याची मुदत रविवारी संपत होती. म्हणजे तो गुरुवार चुकला की सगळेच संपले. छापील वेळ होती १८:४०, म्हणजे संध्याकाळचे सहा चाळीस. उजवीकडे पेन्सिलीने, मालकांच्या बारीक अक्षरात, २०:४०.

लेकीचे बोट छापील आकड्यावर थांबले, मग पेन्सिलीच्या आकड्यावर गेले. मागच्या पानांवर तिने पाहिलेच होते, बाबा दुरुस्त्या पेन्सिलीने लिहितात. इथे जुना आकडा खोडायचा तेवढा राहून गेला, असे तिला वाटले. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही तसेच वाटले असते. मला मात्र दरदरून घाम फुटायचा बाकी राहिला. अगं, उजवीकडची! ती घरची वेळ! पण आकड्यांना तोंड नसते.

तिने मागची गाडी शोधली. सरहद्दीच्या स्टेशनावरून जंक्शनला जाणाऱ्या दोन गाड्या होत्या. एक सकाळी नऊ पंचवीसची आणि दुसरी दुपारी बारा दहाची, जी जंक्शनला संध्याकाळी सात दहाला पोहोचे. सरहद्दीवर सामानाची तपासणी होते, कधी अर्ध्या तासात आटपते, कधी तीन तास लागतात. नऊ पंचवीसची चुकण्याची भीती म्हणून लेकीने बाराची धरली. पेन्सिलीचा आकडा खरा मानला तर जंक्शनवर दीड तास हाताशी राहत होता. पोरीला काही खाऊ घालून निवांत बसता आले असते. सगळे तिने मायेने केले. खरी गोष्ट अशी की ते जंक्शनला उतरतील तेव्हा त्यांची गाडी जाऊन अर्धा तास झालेला असेल. मालक असते तर त्यांनी दोघांना एक दिवस आधीच धाडले असते.

शिंपीआजोबांनी चष्मा लावला आणि माझ्यावर वाकले. कापड बेतण्याआधी दोनदा मोजणारा तो माणूस. म्हणाले, "ताई, इथं दोन आकडे दिसतात. खरा कोणता?"

माझ्या जिवात जीव आला. विचारा, आजोबा, आणखी विचारा.

"पेन्सिलीतला," लेक म्हणाली. "बाबा बदललेल्या वेळा पेन्सिलीनं लिहितात."

"नक्की ना?"

"अहो, तेवीस वर्षं झाली त्यांना या धंद्यात."

"मग ठीक," म्हणून शिंपीआजोबांनी चष्मा खिशात टाकला. जागा राखायला लेकीने दूरच्या कचेरीला फोन केला. उत्तरात तारीख आली, डबा आला, दोन बर्थ आले. वेळ कुणी सांगितली नाही, कारण वेळ माझ्यातून घ्यायची ही आमच्या धंद्यातली रीत. तिने तिकिटाच्या कूपनांवर शिक्के मारले, प्रवासाचा कागद सुवाच्य अक्षरात लिहिला आणि आजोबांच्या हाती दिला. तो कागद त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि ऑफिसातल्या सुईदोऱ्याने, तिथल्या तिथे, खिशाचे तोंड शिवून टाकले.

त्या दुपारी आणखी वाईट घडले. पसारा न आवडणाऱ्या लेकीने मला पुढे ओढले आणि जिथे जिथे छापील आकडा न खोडता पेन्सिलीचा आकडा लिहिलेला दिसला, तिथे तिथे छापील आकडा शाईने खोडायला सुरुवात केली. पट्टी लावून, सरळ रेघा. अकरा पाने झाली तेव्हा गिऱ्हाईक आले म्हणून ती थांबली. मित्रांनो, चुकीचे होऊन जगणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. तिने मला मिटले, आणि आत अकरा फलाट होते, अकरा सुटलेल्या गाड्या होत्या, आणि त्यांच्यामागे धावणारी माणसे होती. त्यांतली दोन मला ठाऊक होती.

निघायला सतरा दिवस होते. शिंपीआजोबा मधे दोनदा येऊन गेले. एकदा म्हणाले, "ताई, मला स्वप्न पडलं की गाडी सुटली." लेकीने त्यांना पाणी दिले, धीर दिला. ते गेल्यावर मात्र तिने मला उघडले, पान पाचशे सतरा, आणि बराच वेळ बघत राहिली. फोनवर हात ठेवला. घरी विचारावे की नाही? पण घरी पट्टी बांधून बसलेला बाप आदल्याच दिवशी शेजाऱ्यांना म्हणाला होता, "जमतंय तिला कसंबसं." ते 'कसंबसं' तिला लागले होते. तिने फोनवरचा हात काढून घेतला. ज्या गोष्टीची मला सर्वांत भीती वाटत होती ती हीच, की तिलाही भीती वाटते आणि ती कुणाला सांगत नाही.

बुधवारी संध्याकाळी आजोबा आणि नात निघाले. आमच्या स्टेशनावरून रात्रभराची गाडी, सकाळी सरहद्द.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मालक काळा चष्मा लावून काठी टेकत ऑफिसात आले. पट्टी सुटली होती. वाचायची मनाई आणखी आठवडाभर होती, पण घरात बसून त्यांना चैन पडत नव्हते. खुर्चीत बसून म्हणाले, "वाच बघू काय काय बुकिंग केलंस ते. नुसतं वाचत जा."

लेक कार्बनच्या प्रती वाचू लागली. पहिल्या दोन ऐकून मालकांनी मान डोलावली. तिसरी होती शिंपीआजोबांची. "शेवटची गाडी गुरुवार, जंक्शनवरून वीस चाळीस."

"अठरा चाळीस," मालक म्हणाले.

"नाही बाबा, तुम्ही पेन्सिलीनं बदललीय."

"कोणत्या बाजूला?"

"म्हणजे?"

"डावीकडं लिहिलंय की उजवीकडं?"

लेकीने मला उघडले. तिची बोटे गार पडली होती. मला ती पानावर जाणवली. "उजवीकडं," ती म्हणाली.

काळ्या चष्म्यामागे मालकांचे डोळे दिसत नव्हते, पण टेबलावरची काठी लोळत खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. मग म्हणाले, "ती घरची वेळ आहे, पोरी. कधी निघालेत ते?"

"काल. आत्ता सरहद्दीवर उतरले असतील."

तिथली घड्याळे आपल्या मागे दोन तास. तिथे साडेआठ वाजून गेले होते. नऊ पंचवीसची गाडी अजून सुटायची होती. तिला आरक्षण लागत नसे, तेच तिकीट चालत असे. हाताशी तास नव्हता, पण पाऊण तास होता. फक्त सरहद्दीवरच्या दोन माणसांना हे कळवायचे होते, आणि त्यांना तर वाटत होते की त्यांच्याकडे दुपारपर्यंत सवड आहे.

सरहद्दीच्या स्टेशनचा फोन नंबर माझ्याच मलपृष्ठावर होता. लेकीने फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. आठव्यांदा तिकडच्या चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी उचलला. मालक त्या बाईंशी वीस वर्षे फोनवर बोलत आले होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. मालकांनी तिकडच्या भाषेतले येत होते तेवढे शब्द गोळा करून सांगितले. म्हातारा, लहान मुलगी, कानात कापूस, बाराची गाडी नको. मग रिसीव्हर कानाला दाबून ऐकू लागले आणि आम्हाला सांगू लागले.

"गाडी वेळेवर आलीय... तपासणी चालू आहे... दिसतोय म्हणतात त्यांना तो, काचेतून. शिपायानं त्याचा शिवणाचा डबा उघडलाय. कात्र्या, सुया, एकेक मोजून लिहून घेतोय."

शिंप्याला कात्र्यांशिवाय प्रवास करवला नसेल. परक्या देशाच्या दारात त्या कात्र्याच त्याला अडवून बसल्या होत्या.

"त्या म्हणतात, मला खिडकी सोडता येत नाही. पण भोंग्यावरून सांगते." मालक थांबले. "त्याला त्यांची भाषा कुठून कळणार? इकडं ये." त्यांनी लेकीला ओढले आणि रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला. "त्या फोन भोंग्याच्या मायकाला लावतायत. तू बोल. आपल्या भाषेत बोल."

"काय बोलू?"

"खरं ते बोल."

नीटनेटकी माणसे चुकली की फार शरमतात, आणि इथे तर सगळ्या स्टेशनासमोर बोलायचे होते. "शिंपीआजोबा! मी बुकिंगची ताई बोलतेय. ऐका. बाराच्या गाडीनं जाऊ नका. नऊ पंचवीसची घ्या, फलाट चार. नऊ पंचवीस. मी वेळ चुकीची लिहिली, आजोबा. माझी चूक झाली. बाकी सगळं टाका आणि निघा."

शेवटचे वाक्य तिने तीनदा म्हटले. मग तिने रिसीव्हर वडिलांकडे दिला आणि माझ्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"तो वर बघतोय," मालक सांगू लागले. "भोंग्याकडं. हो हो म्हणतोय म्हणे भोंग्यालाच. शिपाई त्याला बस म्हणतोय... डब्याकडं बघतोय." मालक खुर्चीतून पुढे सरकले. "पोरगी ओढतेय त्याला... डबा तिथंच टाकला. पळतायत." मालकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "दिसेनासे झाले. शिट्टी झाली."

"बसले का?" लेकीने विचारले.

मालकांनी तिकडे विचारले आणि हळूच रिसीव्हर ठेवला. "गाडी गेली. त्या म्हणतात, फलाटावर गर्दी होती. बसले की नाही ते त्यांना दिसलं नाही."

मित्रांनो, पुढचे अडीच दिवस कसे काढले ते मलाच माहीत. गाडीत बसलेल्या माणसाला फोन करता येत नाही. पोरीच्या आईचा फोन नंबर आजोबांच्याच जवळ होता, आमच्याकडे नव्हता. गुरुवार गेला. शुक्रवारी लेकीने कुणाचेच बुकिंग घेतले नाही. माझ्यावर हात ठेवायलाच ती धजेना. मालक न सांगता येऊन बसत. फोन वाजला की दोघेही दचकत, आणि लाँड्रीवाल्याचा फोन निघे. माझ्या मनात एकच चित्र येई. ते जंक्शन, तो रिकामा फलाट, आणि नवे दात दाखवणारी पोर. जन्माच्या वेळी ऐकलेले वाक्य खरे ठरले होते आणि ते ठरवणारे पान माझे होते.

शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद करता करता फोन वाजला. लेकीने उचलला. पलीकडून रडका आवाज आला. "मावशी, आजोबांचा डबा तिकडंच राहिला! मोठी कात्री पण! मी आईला सांगितलं, तर आई नुसती हसतेय आणि रडतेय, आणि माझं कुणी ऐकतच नाहीये."

लेकीने हातातली कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली. फोन कानाला तसाच धरून ती म्हणाली, "मी ऐकतेय गं. सांग. सगळं सांग."

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हालाही बरे वाटले असते. पण फोन ठेवल्यावर लेकीने जे विचारले ते सांगायलाच हवे. ती रागावली नव्हती, म्हणून ते जास्त झोंबले. "बाबा, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही सांगितलं का नाही?"

मालकांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशननंतर प्रथमच मी त्यांचे डोळे पाहिले. म्हणाले, "सगळं सांगून टाकलं तर उद्या मला कोण विचारील, असं वाटायचं. भीती वाटायची गं." मी मान खाली घातली. म्हणजे घातली असती. कारण ती भीती माझीसुद्धा होती, आणि तिलाच मी इतकी वर्षे गर्व म्हणत आले.

सोमवारपासून रोज दुपारी तीन वाजता दोघे मला मधे घेऊन बसू लागले. त्या अकरा पानांवरच्या रेघांपाशी योग्य आकडे पुन्हा लिहिले. मग पान एकपासून सुरुवात. लेक बोट ठेवी, मालक सांगत, "उजवीकडची, घरची. एका बासरीवाल्यासाठी लिहिली होती." किंवा, "डावीकडची. तो पूल वाहून गेला तेव्हा बदलली." लेक ते शाईने लिहून काढी. इतके सुख मला तेवीस वर्षांत मिळाले नव्हते. आमचा वेग होता दिवसाला पाच-सहा पाने.

पान पाचशे अठ्ठ्याऐंशीवर मालक म्हणाले, "हे आठवत नाही." लेक म्हणाली, "राहू दे, उद्या आठवेल." पुढच्या आठवड्यात तसे चार वेळा झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज. डोळे आता लख्ख झाले आहेत. दूरची पाटीसुद्धा चष्म्याशिवाय वाचतात. लेक आता सकाळीही तासभर बसवते. हसून बसवते, पण तिचा हात घाईत असतो.

काल आम्ही पान सहाशे एकेचाळीसवर होतो. लेकीने उजवीकडच्या पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवले. मालक वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "अक्षर सुरेख आहे. कुणाचं गं?"

"तुमचंच, बाबा."

"छे," ते म्हणाले. "ज्यानं लिहिलंय त्यालाच विचार ना. तो सांगेल."

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात काहीतरी असे असेल जे एकाच माणसाला ठाऊक आहे. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, फोटोतली ती बाई कोण, आजोबांचे कोणते औषध कशाबरोबर द्यायचे नाही. ते त्यांना विचारा. 'ते माझं मी बघतो' असे म्हणाले तर पुन्हा विचारा, रुसतील इतके विचारा. आणि तुम्हाला एकट्यालाच काही येत असेल, तर ते आजच दुसऱ्या कुणाला शिकवून टाका.

माझी दोनशे त्रेसष्ट पाने राहिली आहेत. तीन वाजायला आले. लेकीने मला उघडून ठेवले आहे आणि ती जिन्यावर काठीचा आवाज येतो का ते ऐकते आहे.